अक्षरांचा हिशेब ठेवणारे आल्फ्रेड बट्स

मुंबईच्या उपनगरांत, मग तें अंधेरी-बोरिवलीच्या बाजूस असो वा घाटकोपर-मुलुंडच्या बाजूस असो, आषाढांतील एखाद्या सुटीच्या दिवशीं बाहेर मुसळधार पाऊस कोसळूं लागला म्हणजे ज्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत अशा पुष्कळ घरीं पुठ्ठ्याचा एक चौकोनी पट जमिनीवर मांडला जातो. लहान लहान सोंगट्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर आणि त्याच्या पायाशीं एक बारीक आंकडा. या खेळाचें नांव स्क्रॅबल हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुलांचें या खेळावरील प्रेम आतां पटापुरतें राहिलेलें नाहीं. कोणाच्या दप्तरास त्या सोंगटीच्या आकाराची किल्ल्यांची सांखळी लोंबत असते. कोणाच्या चहाच्या पेल्यावर त्याच्या नांवाचें आद्याक्षर गुणांच्या आंकड्यासह छापलेलें असतें. उशीच्या अभ्र्यांवर आणि दारांवरील पाट्यांवरही तींच अक्षरें दिसूं लागलीं आहेत. तथापि हीं अक्षरें प्रथम कोणीं मोजलीं, आणि कोणत्या दिवसांत मोजलीं, हें आम्हीं वर्गांत विचारलें तेव्हां एकही हात वर झाला नाहीं. यास्तव त्या गृहस्थांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

आल्फ्रेड मोशर बट्स यांचा जन्म १३ एप्रिल १८९९ रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क प्रांतांत, हडसन नदीच्या कांठीं वसलेल्या पोकीप्सी या गांवीं झाला. वडील वकील होते आणि आई शिक्षिका होती. घरांत पुस्तकें होतीं, पत्ते होते, बुद्धिबळाचा पट होता. आल्फ्रेड यांस लहानपणापासून चित्रकलेचा नाद. पुढें त्यांनीं काढलेल्या रेखाचित्रांपैकीं सहा चित्रें न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयानें आपल्या संग्रहांत घेतलीं. परंतु चित्रांवर पोट भरेल अशी खात्री नसल्यामुळें त्यांनीं इमारती बांधण्याची विद्या पसंत केली, आणि १९२४ सालीं पेनसिल्व्हेनिया विश्वविद्यालयाची वास्तुशास्त्राची पदवी मिळविली. न्यूयॉर्क येथील एका नांवाजलेल्या वास्तुशिल्पज्ञांच्या कचेरींत त्यांस नोकरी लागली. नीना ऑस्ट्रँडर या शिक्षिकाबाईंशीं त्यांचा विवाह झाला. संसार बेताचा पण सुखाचा होता.

१९२९ च्या ऑक्टोबर महिन्यांत न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत भाव कोसळले आणि पाहतां पाहतां साऱ्या देशावर मंदीची छाया पसरली. मंदींत सर्वांआधीं थांबतें तें बांधकाम. १९३१ सालीं बट्स यांची नोकरी गेली. वय बत्तीस, हातीं उत्तम विद्या, आणि त्या विद्येस गिऱ्हाईक नाहीं. १९८२ च्या गिरणीसंपानंतर आपल्या शहरांतील कितीतरी घरांनीं हें दृश्य पाहिलेलें आहे. कर्ता पुरुष नेहमींच्या वेळीं उठतो, दाढी करतो, कपडे करतो आणि मग जावयाचें कोठें हें त्यास सुचत नाहीं. घरांतील माणसें कांहीं बोलत नाहींत, आणि तें न बोलणेंच अधिक लागतें. बट्स यांनीं चित्रें काढून विकण्याचा यत्न केला. त्यानें भागलें नाहीं. तेव्हां त्यांनीं एक विचित्र गोष्ट आरंभिली. लोकांच्या हातीं पैसा नाहीं पण वेळ आहे, अशा काळीं स्वस्त खेळ खपेल, असें मनांत धरून त्यांनीं जगांतील खेळांचा अभ्यास मांडला. आणि तो एखाद्या इमारतीचा आराखडा करावा तसा पद्धतशीर मांडला.

त्यांनीं खेळांचे तीन वर्ग केले. फासे व पत्ते हे आंकड्यांचे खेळ. बुद्धिबळासारखे चालींचे खेळ. आणि तिसरे शब्दांचे. पहिल्या दोहोंत नांवाजलेले खेळ पुष्कळ, तिसऱ्यांत मात्र फारच थोडे, आणि त्यांतही गुण मोजण्याची चांगली सोय नाहीं. दुसरें असें कीं फाशांच्या खेळांत सर्व कांहीं दैवावर, बुद्धिबळांत सर्व कांहीं बुद्धीवर. दोहोंचा समभाग असलेला खेळ असल्यास आजोबा व नातू एका पटावर बसूं शकतील. ही रिकामी जागा त्यांनीं हेरली.

आतां प्रश्न असा कीं शब्द जुळविण्यासाठीं अक्षरें द्यावयाचीं तर कोणतें किती द्यावें? सर्व अक्षरें सारखीं दिलीं तर खेळ चालणारच नाहीं. येथें त्यांच्या उपयोगी पडली एक गोष्ट. एडगर ॲलन पो यांच्या ‘द गोल्ड बग’ या १८४३ सालच्या कथेंत नायक एका चांच्यानें लिहून ठेवलेली सांकेतिक चिठ्ठी सोडवितो. इंग्रजींत कोणतें अक्षर सर्वांत अधिक वेळां येतें, त्याच्या खालोखाल कोणतें, हें ताडून तो पुरलेल्या धनापर्यंत पोहोंचतो. बट्स यांनीं तीच युक्ति उचलली. मात्र दुसऱ्याच्या सांगण्यावर न विसंबतां स्वतः मोजणी केली. न्यूयॉर्क टाइम्स, हेरल्ड ट्रिब्यून, सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट अशा पत्रांचीं पानें घेऊन ते बसत, आणि मोठ्या कागदांवर रकाने आंखून एकेका अक्षरापुढें खुणा करीत. आज हें काम यंत्र निमिषांत करील; त्या काळीं तें डोळ्यांचें आणि धीराचें काम होतें. बेकार मनुष्य घरीं बसून वर्तमानपत्रांतील ‘ई’ मोजतो आहे, हें पाहून शेजाऱ्यांस काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

छापखान्याची ज्यांस माहिती आहे त्यांस या हिशेबाचें नवल वाटणार नाहीं. खिळे जुळविणाऱ्याच्या पेटींत जें अक्षर वारंवार लागतें त्याचा खण मोठा असतो आणि हाताजवळ असतो. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखालीं काम शिकलेले जावजी दादाजी यांनीं पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. कोणत्या अक्षराचे खिळे किती पाडावे हा हिशेब त्यांच्यासारख्यांच्या रोजच्या व्यवहारांतील होता. बट्स यांचें वैशिष्ट्य हें कीं त्यांनीं तो हिशेब खेळांत आणला.

मोजणीवरून ‘ई’ च्या बारा सोंगट्या ठरल्या. ‘ए’ व ‘आय’ यांच्या नऊ नऊ, ‘ओ’ च्या आठ. जें अक्षर दुर्मिळ तें एकुलतें एक, पण त्यास गुण अधिक: ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांस प्रत्येकीं दहा. ‘एस्’ या अक्षराविषयीं मात्र त्यांनीं मोजणीचें ऐकलें नाहीं. इंग्रजींत बहुतेक कोणत्याही नामास शेवटीं ‘एस्’ जोडला कीं अनेकवचन होतें. तें अक्षर मोजणीच्या प्रमाणांत दिलें असतें तर आळशी खेळाडूची चंगळ झाली असती. म्हणून ‘एस्’ अवघे चार ठेविले. आमच्या मतें या खेळाच्या कर्त्याची खरी बुद्धि येथें दिसते. मोजणें पुष्कळांस येतें. मोजणी कोठें बाजूस ठेवावी हें फार थोड्यांस कळतें. दोन कोऱ्या सोंगट्या धरून एकूण शंभर सोंगट्या झाल्या, आणि ती संख्या अद्यापि कायम आहे.

येथें थोडें विषयांतर करितों. आम्हीं एकदां नववीच्या मुलांस मराठी वर्तमानपत्राचें पहिलें पान देऊन असाच हिशेब करावयास सांगितला. अर्ध्या तासांत वर्गांत दोन तट पडले. ‘स्त्री’ हें अक्षर एक कीं तीन? ‘कि’ आणि ‘की’ एका रकान्यांत घालावयाचीं कीं दोन? काना-मात्रांच्या सोंगट्या निराळ्या कराव्या तर वेलांटी एकटीच हातीं येऊन काय करणार? तास संपला आणि भांडण मधल्या सुटींतही चालूं राहिलें. इंग्रजीची वर्णमाला सव्वीस घरांत बसते, आपली तशी बसत नाहीं. आपल्या घरांतील शब्दांचा खेळ म्हणजे भेंड्या. त्यास पट लागत नाहीं, सोंगटी लागत नाहीं. शेवटचें अक्षर ‘ळ’ आलें तर ‘ल’ घ्यावा, एवढ्या समजुतीवर आजी आणि नात गाडीच्या साऱ्या प्रवासभर खेळूं शकतात. असो.

बट्स यांनीं आपल्या खेळास प्रथम ‘लेक्सिको’ असें नांव दिलें. तेव्हां त्यास पट नव्हता. हातांतील अक्षरांचा शब्द करावयाचा एवढेंच. संच ते स्वतः घरीं बनवीत. वास्तुशिल्पज्ञ ज्या रीतीनें नकाशांच्या निळ्या प्रती काढतात त्या रीतीनें अक्षरें काढून तीं लांकडाच्या पातळ चौकोनांवर चिकटवीत. १९३४ पर्यंत असे ऐंशींच्या आसपास संच विकले गेले, आणि हिशेब केला तेव्हां नफा तर नाहींच, उलट थोडा तोटा निघाला. खेळ तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे त्यांनीं नमुने पाठविले. मिल्टन ब्रॅडली यांनीं नकार दिला, पार्कर ब्रदर्स यांनीं नकार दिला. पेटंटासाठीं केलेला अर्जही नामंजूर झाला.

त्यांनीं खेळ टाकून दिला नाहीं, दुरुस्त केला. शब्दकोडें हा प्रकार १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या एका पत्रांत प्रथम छापून आला होता आणि नंतर साऱ्या देशास त्याचें वेड लागलें होतें. त्यांतील उभे-आडवे शब्द एकमेकांस छेदतात ही कल्पना घेऊन बट्स यांनीं पंधरा आडव्या व पंधरा उभ्या रांगांचा, म्हणजे २२५ घरांचा पट आंखला. कांहीं घरांस दुप्पट-तिप्पट गुण ठेविले. प्रत्येक खेळाडूस एका वेळीं सात सोंगट्या दिल्या. १९३८ सालीं या नव्या रूपास त्यांनीं ‘क्रिस-क्रॉस वर्ड्स’ असें नांव दिलें. सातही सोंगट्या एकदम लावणाऱ्यास आज पन्नास गुण अधिक मिळतात. अंधेरी हें नांव इंग्रजी हिज्जांत बरोबर सात अक्षरांचें आहे, परंतु विशेषनामांस या पटावर मज्जाव असल्यामुळें अंधेरीकरांस त्याचा उपयोग नाहीं! नवीन खेळही कंपन्यांनीं परत पाठविला.

या वर्षांत बट्स दांपत्य न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागांत जॅक्सन हाइट्स या वस्तींत राहत होतें. पुलावरून धांवणारी आगगाडी आली आणि शेतांच्या जागीं चाळीवजा इमारती उठल्या, अशी ही वस्ती. म्हणजे आमच्या उपनगरांची दूरची बहीणच. आज तेथील चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर हिंदी लोकांचीं इतकीं दुकानें आहेत कीं अमेरिकेंतील मराठी कुटुंबें डाळ-मसाल्यासाठीं तेथें जातात. तेथील मेथॉडिस्ट चर्चच्या सभागृहांत बट्स आपला पट घेऊन जात, आणि शेजारी-पाजारी जमून खेळत. कंपन्यांनीं नाकारलेल्या या खेळाचे पहिले परीक्षक हेच लोक. नियमांत कोठें अडतें, कोणतें अक्षर नको तेवढें येतें, खेळ कोठें रेंगाळतो, हें सर्व तेथें उघड झालें. नीनाबाई तर पतीहून सरस खेळत. बट्स यांचें इंग्रजी शुद्धलेखन यथातथाच होतें आणि तें ते लपवीत नसत. नीनाबाईंनीं एकदां ‘क्विक्झॉटिक’ या शब्दावर दोनशेंहून अधिक गुण मिळविल्याचें ते अभिमानानें सांगत. ज्यास नीट हिज्जे येत नाहींत त्यानेंच हिज्जांचा खेळ शोधावा, हें आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस फार आवडेल असा आमचा तर्क आहे.

मंदी ओसरल्यावर बट्स यांस पुन्हां वास्तुकामाची नोकरी मिळाली, आणि खेळ मागें पडला. तो पुढें आणला जेम्स ब्रुनो नांवाच्या एका सरकारी नोकरीतील गृहस्थांनीं. यांच्याजवळ बट्स यांनीं हातानें केलेला एक संच होता. १९४८ सालीं ब्रुनो यांनीं दर संचामागें ठराविक रक्कम देण्याच्या बोलीवर खेळ तयार करण्याचा हक्क मागितला. बट्स यांनीं तो दिला. ब्रुनो यांनीं नियम सोपे केले, विशेष गुणांच्या घरांची मांडणी बदलली आणि स्क्रॅबल हें नवें नांव नोंदविलें. कनेक्टिकट प्रांतांत एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतींत ते व त्यांचे सोबती तासाला बारा संच या गतीनें काम करूं लागले. १९४९ सालीं २,४०० संच झाले आणि ४५० डॉलर तोटा आला. पुढील दोन वर्षेंही ओढाताणीचींच गेलीं. मग १९५२ सालीं एकाएकीं मागणी वाढली. असें सांगतात कीं मेसीज् या प्रचंड दुकानाचे मुख्याधिकारी सुटींत हा खेळ खेळले आणि परत येऊन पाहतात तों आपल्याच दुकानांत तो नाहीं. मागणी पुरी करणें ब्रुनो यांच्या आवांक्याबाहेर गेलें, तेव्हां सेलशो अँड रायटर या कंपनीनें काम हातीं घेतलें. १९५४ या एका वर्षांत जवळजवळ ३८ लाख संच विकले गेले.

बट्स यांस काय मिळालें? दर संचामागें सुमारें ३ सेंट. १९७० नंतर लौकरच सेलशो कंपनीनें सर्व हक्क विकत घेतले तेव्हां त्यांच्या वांट्यास जी रक्कम आली ती ब्रुनो यांच्या रकमेच्या मानानें फारच लहान होती. पुष्कळ लेखक येथें बट्स यांची कींव करितात. आम्हांस ती योग्य वाटत नाहीं. ब्रुनो यांनीं तोटा सोसून चार वर्षें कारखाना चालविला नसता तर पट कपाटांतच राहिला असता. आणि बट्स यांनीं बेकारींत बसून तीं अक्षरें मोजलीं नसतीं तर ब्रुनो यांस कारखाना कशाचा काढावयाचा हेंच ठाऊक नसतें. वांटणी सारखी झाली नाहीं हें खरें. पालकांपैकीं जे व्यापारांत आहेत त्यांस ही वांटणी रास्त वाटेल, जे नोकरींत आहेत त्यांस वाटणार नाहीं, आणि आम्ही मास्तर लोक कोणत्या बाजूचे हें सांगावयास नकोच. स्वतः बट्स यांची तक्रार कोठें आढळत नाहीं. मिळालेल्या पैशांतील एक तृतीयांश करांत गेला, एक तृतीयांश देऊन टाकला, उरल्या भागानें सुखानें राहतां आलें, असा साधा हिशेब ते सांगत. एक गोष्ट मात्र त्यांनीं त्या पैशांतून केली. न्यूयॉर्क प्रांतांत स्टॅनफर्डव्हिल येथें त्यांच्या पूर्वजांचें एक जुनें शेतघर होतें, तें परक्याच्या हातीं गेलें होतें. तें त्यांनीं परत विकत घेतलें. कोंकणांतील आपलें घर गेलेलें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या खरेदीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाहीं. त्या गांवच्या वाचनालयाच्या इमारतीचा आराखडाही बट्स यांचाच.

खेळ जगभर पसरला. हक्क आज अमेरिका व कॅनडा येथें हॅस्ब्रो कंपनीकडे आणि अन्यत्र मॅटेल कंपनीकडे आहेत. १९९१ पासून जागतिक सामने भरूं लागले, आणि त्यांतील नववा सामना २००७ च्या नोव्हेंबरांत आपल्या मुंबईस झाला. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनीं मलेशियाचे गणेश असिरवथम यांस अंतिम फेरींत हरविलें. याच रिचर्ड्स यांनीं २०१५ सालीं फ्रेंच भाषा बोलतां येत नसतां केवळ शब्दांची यादी पाठ करून फ्रेंच स्क्रॅबलचें अजिंक्यपद जिंकलें. अद्भुत खरें, पण भाषा शिकविणाऱ्याच्या मनास तें किंचित् टोंचतें. अर्थ न कळतां शब्द जिंकावा हें बट्स यांच्या चर्चच्या सभागृहांत बसणाऱ्या मंडळींस कसें वाटलें असतें कोण जाणे.

पटाबाहेरच्या वस्तूंचेंही असेंच. कोणी सोन्याचा मुलामा दिलेल्या सोंगट्यांचा शोभेचा संच विकतो, कोणी जुन्या सोंगट्या चौकटींत बसवून लग्नाच्या भेटी म्हणून देतो. आमची त्यास हरकत नाहीं. पेल्यावर अक्षर असावें आणि पट कपाटांत धूळ खात पडावा, एवढें मात्र होऊं नये. एक सुचवितों: त्या पेल्यावरील आंकडा नुसती नक्षी नाहीं, वर्तमानपत्राच्या पानांवर काढलेल्या हजारों खुणांचा तो निष्कर्ष आहे, हें चहा पितांना मुलांस सांगून पाहावें.

नीनाबाई १९७९ सालीं वारल्या. अपत्य नव्हतें. बट्स वृद्धपणींही स्वस्थ बसले नाहींत. १९८५ सालीं, वयाच्या शहाऐंशींव्या वर्षीं, त्यांचा आणखी एक शब्दांचा खेळ बाजारांत आला. तो फारसा चालला नाहीं. ते मित्रमंडळींबरोबर जुनाच खेळ खेळत राहिले. ४ एप्रिल १९९३ रोजीं, चौऱ्याण्णव पुरीं होण्यास नऊ दिवस असतांना, ऱ्हाइनबेक या गांवीं त्यांचें देहावसान झालें.

दोन वर्षांनीं जॅक्सन हाइट्स येथें, त्या मेथॉडिस्ट चर्चच्या कोपऱ्यावर, पस्तिसाव्या ॲव्हेन्यूची एक नवी पाटी लागली. तींत प्रत्येक अक्षराच्या पायाशीं त्याचे गुण बारीक आंकड्यांत लिहिलेले होते. २००८ च्या सुमारास ती पाटी नाहींशी झाली. रहिवाशांनीं पाठपुरावा केला आणि २०११ सालीं ती पुन्हां लावण्यांत आली. पाटीवर बट्स यांचें नांव नाहीं. ‘ॲव्हेन्यू’ च्या इंग्रजी हिज्जांतील सहा अक्षरांचे मिळून नऊच गुण होतात. ‘व्ही’ चे चार, बाकीच्या पांचांचा एकेक.